काढलेलं सॉफ्टवेअर आणि कापसाची ट्रॉली

भर हंगामात, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, मी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधलं चांगलं चालणारं सॉफ्टवेअर काढून टाकलं.

ते बिघडलेलं नव्हतं. कुणी काढायला सांगितलंही नव्हतं. उलट शेठनी बजावून ठेवलं होतं, "नवीन टाकाचं ते हंगाम संपल्यावर टाकजो." नव्याचा पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये सुखाने पडून होता. मी मात्र सुखाने पडून राहणाऱ्यांतला नाही.

सिंदी रेल्वे गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी काट्यावर ऑपरेटर होतो. भरलेली गाडी काट्यावर चढली की एक बटण दाबायचं, रिकामी होऊन आली की दुसरं. प्रिंटरमधून पावती निघाली की ती खिडकीच्या गजांतून शेतकऱ्याच्या हातात द्यायची. माझं एवढंच काम. पण अल्लीपूरचं एक स्थळ आलं तेव्हा आईने त्यांना "पोरगा कॉम्प्युटरमध्ये हाय" असं सांगितलं. अल्लीपूरला पोचेपर्यंत त्याचा कॉम्प्युटर इंजिनियर झाला होता. दुरुस्त करावं असं आईला वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

आता आमच्याकडची पद्धत अशी की लग्न जमायच्या आधी मुलीकडचं कुणीतरी पोराला त्याच्या कामाच्या जागी बघून येतं. अचानक जातात, पण ते अचानक येणार असल्याची बातमी त्यांच्या आधी पोचते. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"पोरीची आत्या अन् मामा आज तुह्या काट्यावर येऊन राह्यले. चांगला सदरा घाल."

सदरा चांगला होता. स्क्रीन चांगली नव्हती. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे करड्या रंगाची एक उदास पाटी. ते बघून कुणी मला इंजिनियर म्हणालं नसतं. नव्यात मात्र रंगीत ट्रक होता म्हणे, वजन झालं की हिरवा होणारा. चहाच्या वेळी काटा जरा मोकळा झाला, आणि मी जुनं काढायला घेतलं.

निघालं की! एका झटक्यात. "यशस्वीरीत्या काढले" असा संदेशही आला. मग नवं टाकायला गेलो तर ते म्हणे, या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती आधीपासून आहे, आधी ती काढा. यादीत बघितलं, यादीत जुनं नव्हतं. फोल्डर शोधला, फोल्डर नव्हता. घर सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव रेशनकार्डावर राहून जावं तशी गत. माणूस कुठंच नाही, आणि कागद म्हणतो इथंच आहे.

तेवढ्यात एक ट्रॉली काट्यावर चढली.

वडनेरचे एक काका ट्रॅक्टरवर होते. ट्रॉलीत कापूस असा ठासला होता की दोन्ही बाजूंनी पोट सुटलेलं. ते पोट नेमकं माझ्या खोलीच्या दाराला टेकलं. दार बाहेर उघडणारं. एरवी गाडी काट्यावर शिंक येऊन जावी एवढाच वेळ थांबते, म्हणून हे कधी कुणाला खटकलंच नव्हतं.

"काका, जरा पुढे घेता काय? मशीन बंद हाय," मी गजांतून म्हणालो.

"पुढे घेतली तं माहा नंबर जाईन," काका म्हणाले. "वजन झाल्याबिगर मी नाई उतरत."

"हातानं लिहून देतो पावती."

"हातची पावती? नाई बावा. ते दिवस गेले. मशीनची दे." मागच्या दोघातिघांनीही मशीनच्याच पावतीचा आग्रह धरला. हातच्या पावतीवरून इथं पूर्वी इतकी भांडणं झाली होती की मशीन हा एकच देव सगळ्यांना मान्य होता. आणि तो देव मी सकाळीच उपटून ठेवला होता.

नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "रजिस्ट्रीत राहिलं असेल. पण तुम्ही तिथे हात लावू नका, मी जेवून फोन करतो." यातलं पहिलं वाक्य मी लक्षपूर्वक ऐकलं.

रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली नोंदींची कोठी. कोणतं सॉफ्टवेअर आलं, कुठं बसलं, काय काय मागितलं, सगळं तिथं नोंदलेलं असतं. एका कप्प्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, आणि नावं अशी की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. शहाणी माणसं आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवतात. मी सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकून शोध लावला. पूर्ण नाव टाकायचा कंटाळा. सापडलं की काढ, पुढचं शोध, सापडलं की काढ. भुईमुगाच्या शेंगा फोडताना होतं तसं झालं: हात चालतात, डोळे दुसरीकडे. माझे डोळे फाटकाकडे होते.

शेवटी एक नोंद उरली. ती निघेना. "ही काढता येत नाही," एवढंच म्हणे. मी तिच्यावर मालकी सांगितली, सगळे हक्क माझ्या नावे करून घेतले. तरी निघेना. आणि फाटकातून एक मोटारसायकल आत आली. पुढे टोपीवाले मामा, मागे हातात पिशवी आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा असलेल्या आत्या.

त्या सरळ खिडकीशी आल्या. "तुमीच ते पोरगं काय?"

"हो. नमस्कार. या ना, आत या," मी म्हणालो, आणि लगेच दाराकडे बघितलं. फटीतून कापूस आत डोकावत होता.

"बाहेरच बरे आम्ही," आत्या म्हणाल्या. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर उभं राहतात तशा त्या गजांसमोर उभ्या राहिल्या. मामांनी चहा सांगितला. एक कप गजांतून माझ्याकडे आला. मग पाहुणे आले म्हणून जिनिंगच्या मुनीमजींनी चहा पाठवला. मग रांगेतल्या कुणीतरी, ऑपरेटर दमला म्हणून. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं, म्हणून मी तिन्ही प्यायलो. ही त्या दिवसाची दुसरी चूक, आणि ती फोनवर कुणाला सांगता येण्यासारखीही नव्हती.

नागपूरवाल्याचा फोन आला. मी निम्मं सांगितलं, निम्मं त्याने ओळखलं. "अहो, जुन्याचा एक भाग मागे चालूच असेल. तो चालू आहे तोवर नोंद कशी निघेल? रिस्टार्ट केलं का?"

नव्हतं केलं. केलं. स्क्रीन निळी झाली आणि अक्षरं उमटली: अपडेट होत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. कितीतरी महिन्यांपासून टाळलेलं ते अपडेट याच मुहूर्ताची वाट बघत होतं.

मी खुर्चीवर पायावर पाय घालून बसलो. मग पाय बदलले. मग उभा राहिलो. खोली एवढी की चार पावलांत भिंत. बाहेर हॉर्न वाजत होते, काकांनी विडी पेटवू नये म्हणून लोक त्यांच्यावर ओरडत होते, आणि आत्या चष्म्यातून माझं निरीक्षण करत होत्या.

"हे काय होऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"सिस्टिम अपग्रेड," मी म्हणालो.

"मंग तुमी नाचून काऊन राह्यले?"

मामांनी बाजू सावरली, "अवं, इंजिनियरचं काम असंच राह्यते."

"इंजिनियर म्हंजे हेच करते काय?" आत्यांनी मला विचारलं, मामांना नाही.

खोटं बोलायला शरीराची थोडी निवांत अवस्था लागते. माझी ती उरली नव्हती. "आत्या, मी इंजिनियर नाई," मी म्हणालो. "मी बटण दाबतो. ते चांगलं चालू होतं. तुम्ही येणार म्हणून नवं टाकायला गेलो, अन् सगळंच बंद पडलं."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. संपलं, मी मनात म्हणालो. अल्लीपूर गेलं, नोकरीही जाणार, आणि हे सगळं होईपर्यंत मी इथून बाहेरसुद्धा पडू शकत नाही.

मग कॉम्प्युटर उठला. ती हट्टी नोंद मुकाट्याने निघाली. नवं सॉफ्टवेअर बसलं. रंगीत ट्रक आला, हिरवा झाला. रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. मी पावतीचं बटण दाबलं.

प्रिंटर नव्हता. म्हणजे टेबलावर होता, कॉम्प्युटरच्या लेखी नव्हता. त्याच्याही नावात मी शोधून काढलेली तीच तीन अक्षरं होती.

मी डोकं टेबलावर टेकलं. खिडकीतून आत्यांचं बोट आत आलं. "ते डब्ब्यावर लाल आकडे हायेत, आम्ही आल्यापासून तसेच हायेत. ते काय हाय?"

"वजन," मी डोकं न उचलताच म्हणालो. काट्याच्या डब्याला कॉम्प्युटर लागत नाही. तो आपला वजन दाखवत होता, सकाळपासून.

"काका, इकडे या," आत्यांनी हाक मारली. काका ट्रॅक्टरवरून उतरले. "वाचा. मोठ्यानं." काकांनी वाचलं. मामांनी वाचलं. आत्यांनी चष्मा वर करून वाचलं. तिघांचा आकडा एकच. "आता तं झालं? पोराले लिहू द्या, तुमी सही करा, मामा सही करन. अन् गाडी हालवा, त्या पोराकडे पाहा जरा."

काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांना दया आली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी आकडा लिहिला. सह्या झाल्या. ट्रॉली हलली, दार उघडलं, आणि मी मुलीच्या आत्यांना, मामांना, वडनेरच्या काकांना, कुणालाही न बघता कापसाच्या गंजीमागे पळालो.

तोंडावर पाणी मारून परत आलो तेव्हा आत्या माझ्या आईशी फोनवर बोलत होत्या. मला बघून आवाज कमी करतील असं वाटलं होतं. त्यांनी वाढवला.

"हो, पाह्यला बाई. पसंत हाय, खोटं टिकत नाई त्याच्या तोंडात. पन एक आताच सांगून ठेवा, लग्न झाल्यावर घरातलं जे काई चालू असन, त्याले यानं हात नाई लावाचा."