बाकावरचा नऊ नंबर

गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला की मला आमच्या घरातली वरची खोली आणि तिथला जुना कॉम्प्युटर आठवतो. दादा आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून नऊ नंबरची जर्सी घालून खेळायचा, पण गुडघा गेल्यापासून घरीच बसून होता. फुटबॉल संघ चालवायच्या एका गेममध्ये त्याने आमच्या पेठेचा अख्खा संघ नावानिशी भरला होता, स्वतःसकट. डावपेच मात्र मी ठरवायचे. पलीकडच्या पेठेबरोबरची फायनल आम्ही सात वेळा हरलो. मी बचाव मागे ओढला, मधली फळी बदलली, पण कशानंच काही होईना. शेवटी दादा मलम लावायला खाली गेलेला बघून मी त्यालाच बाकावर बसवलं, आणि आम्ही तीन-शून्यने जिंकलो. तो भिंतीला धरत वर आला, तेव्हा पडद्यावर आमची पोरं कप उचलून नाचत होती. त्याने खेळाडूंची यादी खालपर्यंत वाचली. "मला काढलंस व्हय?" मी म्हणाले, "तू स्वतःचा वेग लई कमी भरलायस, दादा. वाढव की जरा." तो म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलाय तेवढाच भरलाय. संघ बरोबर हाय, आता बदलू नको." त्यानंतर तो कॉम्प्युटरपाशी माझ्या शेजारी कधी बसला नाही. मलमाची ट्यूब अजून महिन्याला एक लागतेच. परवा तालमीच्या संघाची मॅच होती, मैदानातला गलका वरच्या खोलीपर्यंत येत होता. दादा म्हणाला, "खिडकी लाव." मी लावली.