दगड वाकतो म्हणणारे सर

समोर कापड दिसलं की सरांचे दोन्ही हात आपोआप त्यावर जायचे. स्टाफरूममधला टेबलक्लॉथ असो, कुणाचा टॉवेल असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीतली सतरंजी. तळवे समोरासमोर टेकवायचे, सावकाश जवळ आणायचे आणि मधे फुगवटा आला की मान वर करून म्हणायचे, "झाला हिमालय."

त्या काळात तुम्ही रोहा-पेण एसटीने जात-येत असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. सर रोह्याचे. पेणच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी हिंदी. एकदा गाडीत त्यांच्या शेजारचे गृहस्थ मांडीवर शाल घेऊन पेंगत होते. मला काहीतरी समजावताना सरांनी त्या शालीवरच हिमालय उभा करायला घेतला. गृहस्थ जागे झाले आणि मांडीवरच्या परक्या हातांकडे बघत राहिले. सर शांतपणे म्हणाले, "जरा थांबा, एवढं तिबेट होऊ द्या." गृहस्थ नागोठण्याला उतरले. त्यांना तिथेच उतरायचं होतं की नाही, देव जाणे.

वली पर्वत हा सरांचा जीव की प्राण. दोन बाजूंनी जमीन रेटली जाते, मधले थर वाकतात, वाकून वाकून तुटतात, आणि मग खालचा जुना खडक नव्याच्या अंगावर चढून बसतो. "जुनं नव्याच्या डोक्यावर," असं म्हणून सर हटकून सुपरवायझरांच्या खोलीकडे बघायचे. वर्ग हसायचा. सुपरवायझरांना वाटायचं, भूगोल हा विनोदी विषय असावा.

अडचण एकच होती. आमच्याकडचा दगड लाव्हाचा. काळा, थरावर थर, घावनांची चवड ठेवावी तसा. पेणपासून रोह्यापर्यंत कुठलाही डोंगर बघा, घडी पडलेला दगड औषधालाही मिळायचा नाही. धरमतरकडच्या एका मिठागरवाल्यांच्या मुलीने भर वर्गात विचारलं, "सर, तुमी सोता पायलाय का वाकलेला दगड?"

दुसरा कुणी असता तर वेळ मारून नेली असती. सर म्हणाले, "नाय."

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला म्हणाले, "बाई, मी पोरांना सगळं ऐकीव सांगतोय. देव न बघता कीर्तन केल्यासारखं."

मी म्हटलं, सगळे कीर्तनकार तेच करतात. त्यांना ते पटलं नाही.

त्यात शाळेसमोर अण्णांचा गणपतीचा कारखाना. अण्णांचा जन्म शाडूत गेलेला. त्यांचं म्हणणं, माती वळते, दगड फुटतो. सरांचं म्हणणं, खोल जमिनीत, आचेवर, लाखो वर्षं सावकाश रेटला तर दगडही वळतो. मधल्या सुट्टीत हा वाद चालायचा आणि शेवटी अण्णा गणपतीची सोंड वळवता वळवता विचारायचे, "मग दाखवा ना एक."

सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पेणहून बद्रीनाथची यात्रा निघाली. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, बद्रीनाथ हवा होता. सरांना वाटेतला रस्ता हवा होता. अण्णा होते, मी आणि आमचे हे होतो. ऋषिकेशहून बस डोंगरात शिरली तसे सर खिडकीला चिकटले. पण गाडी वळणांवरून अशी जायची की दगड दिसला म्हणेपर्यंत दरी यायची. सर हात जोडून ड्रायव्हरकडे गेले. त्यांचं हिंदी मी कितीदा सुधारलं होतं, पण उपयोग शून्य. "भैया, गाडी रुकाव. पत्थर देखने का है."

ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, यहाँ और है ही क्या?"

बस हसली. मी शुद्ध हिंदीत विनंती केली. त्याने शुद्ध हिंदीतच नकार दिला. वरून दगड पडतात, इथे थांबायचं नसतं. अण्णा मागून म्हणाले, "राहू द्या सर. फोटो पाहू कुठंतरी."

सर येऊन बसले आणि खिडकीबाहेर बघायचेही थांबले. जोशीमठच्या अलीकडे, हेलंगच्या आसपास, जुना खडक नव्यावर चढलाय, हे त्यांनी आम्हाला पेणपासून ऐकवलं होतं. तो टप्पा आला तरी मान वर नाही.

वहिनी माझ्या शेजारी बसून चिवडा खात होत्या. त्यांनी पुडी बांधून पिशवीत ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "सांग गो त्या ड्रायव्हरला, मला उलटी होतेय."

"होतेय?"

"तू सांग."

रस्ता जरा रुंद झाला तिथे बस थांबली. वहिनी तोंडाला पदर लावून कठड्याशी बसल्या. सर घाबरून त्यांच्यामागे उतरले, तर त्यांनी पदराआडून नुसत्या डोळ्यांनी समोरचा कडा दाखवला.

कडा पायापासून माथ्यापर्यंत वळलेला होता. पांढरे-करडे थर, नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्यांसारखे, एकात एक. एका जागी तर पूर्ण उलटे दुमडलेले. आम्हाला वाटलं, आता तासभर व्याख्यान. सर जवळ गेले, चष्मा काढला, दगडावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. अण्णा उतरून शेजारी गेले. त्यांनी अंगठ्याने एक वळण चाचपलं, शाडू चाचपावा तसं.

"ओला असताना वळवलाय कुणीतरी," अण्णा म्हणाले.

"तसंच समजा," सर म्हणाले.

मग त्यांनी वळून वहिनींना हाक मारली, "अगं, ये ना, हात लावून बघ." पण सगळी बस वहिनींकडे बघत होती. आजारी माणूस टुणकन उठून दगड बघायला कसा जाणार? त्यांनी मान हलवली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

त्या सोंगाची शिक्षा वहिनींनी पूर्ण भोगली. बद्रीनाथपर्यंत त्यांना कुणी मऊ भाताशिवाय काही खाऊ दिलं नाही. आम्ही पुऱ्या खात होतो आणि त्या आलं चोखत होत्या. दर दोन मैलांवर ड्रायव्हर स्वतःहून विचारायचा, "माताजी, रोकूँ?" सर प्रत्येक वेळी आशेने वहिनींकडे बघायचे.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यानंतर दोनेक वर्षांनी वहिनी भाचीबरोबर पुन्हा त्या वाटेने गेल्या. परत आल्यावर मी रोह्याला त्यांना भेटायला गेले. म्हणाल्या, या खेपेला ड्रायव्हरला सरळ सांगितलं, दगड बघायचाय. त्याने मुकाट्याने गाडी थांबवली. पण मधल्या पावसात तिथे दरड कोसळली होती. रस्ता नवा कापलेला, कडा ओळखू येईना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, समोर होता त्याला लावला हात," वहिनी म्हणाल्या. थोडा वेळ त्या स्वतःच्या तळव्याकडे बघत बसल्या. "उन्हातला होता गो. चांगला ऊन लागला हाताला."