मागे पडलेले घड्याळ

काल माझी सून मृणाल हिने टेबलावरच्या उघड्या यंत्राला वीज जोडली आणि पडद्यावर आदल्या दिवसाची तारीख उमटली. यंत्रांच्या पोटातले प्रोग्राम लिहिणे हा तिचा व्यवसाय.

"हा तर धडधडीत खोटा पुरावा झाला!" मी कडाडलो.

"लगेच नोटीस काढू नका हं, बाबा," ती हसली. "आतला सेल संपत आलाय. वीज गेली की घड्याळ थांबतं. प्रोग्राम बिचारा तिथे जे असेल तेच वाचतो." एका ओळीच्या आज्ञेने तिने वेळ दुरुस्त केली.

मला मात्र एक जुने प्रकरण आठवले. नगरपालिकेच्या आवक खिडकीवर पूर्वी पाटणकर नावाचे लिपिक होते. एका वादात माझ्या प्रतिपक्षाचा मुदतीनंतर आलेला अर्ज त्यांच्या संगणकाने आदल्या तारखेने नोंदवला. "साहेब, रोज सकाळी मी घड्याळ लावतो, त्या दिवशी राहून गेलं," ते हात जोडून म्हणाले होते. मला ती निव्वळ सबब वाटली. कलमांचे दाखले देत मी अकरा पत्रे लिहिली. चौकशी लागली आणि पाटणकरांनी राजीनामा दिला. यंत्राला आपण किती सहज निर्दोष ठरवतो. संशय घ्यायला मात्र आपल्याला माणूसच लागतो.

आज बारावे पत्र लिहिले. क्षमायाचनेचा मजकूर पूर्ण आहे, पाकीट मात्र कोरे आहे. पाटणकरांचा माझ्याजवळ एकच पत्ता आहे, ज्या कार्यालयातून मी त्यांना घालवले त्याचा.