कवळीवाल्याचा किल्ला

कवळीवाल्याचं बूड कधी एका जागी टिकत नसे. धंदा मात्र बैठा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात रोवायचा. दोन दात बसले की हा उठे, खिडकी उघडे, पुन्हा लावे, चहा ठेवी आणि विसरून जाई. धाकटी बहीण करवादायची. आईवडील गेले तेव्हा ती शाळकरी होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला नर्स करण्यापर्यंत सगळं या दादानेच निभावलं होतं.

रविवारी दुपारी तेवढा तो बसे. कामाच्या टेबलावर उरल्यासुरल्या प्लास्टरचा किल्ला होता: तट, बुरूज, बोटभर दरवाजा. खेळ गोष्टीचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते बोलून सांगायचं, अवघड जागी फासे टाकायचे. शत्रूची चाल आणि गोष्टीची दोरी सूत्रधाराच्या, म्हणजे कवळीवाल्याच्या हाती. किल्ल्याला वेढा पडला होता. शेजारच्या निवृत्त बाई किल्लेदार होत्या, खालच्या दुकानातला घड्याळजी तिरंदाज आणि धाकटी वैद्य.

एका रविवारी धाकटी म्हणाली, "वैद्य भुयारातून बाहेर पडते."

"भुयारात पाणी भरलंय," कवळीवाला म्हणाला.

पुढच्या रविवारी तिने बुरुजावरून दोर सोडला. दोर कुजका निघाला. त्यानंतर ती पांढरं निशाण घेऊन थेट दरवाज्याशी गेली आणि फाशांवर सहा-सहा पडले.

"तरी पहारेकरी अडवतात," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सहा-सहाला अडवता येत नाही. नियम तुझाच आहे."

"बदलला नियम!"

धाकटीने फासे खाली ठेवले. "दादा, मला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळालीय. तोंड उघडायचा धीर होईना, म्हणून आधी खेळात जाऊन बघितलं. तर तू तिथेही सोडेनास."

घड्याळजीला अचानक दुकान आठवलं. बाईही उठल्या.

"इथे काय कमी पडलं तुला?" कवळीवाला म्हणाला.

"काहीच नाही. म्हणून तर पाय निघत नाही."

तो आठवडा घरात हं आणि हूं एवढंच बोलणं झालं. तो या खोलीतून त्या खोलीत येरझारा घाली. ती बॅग भरी, उपसे, पुन्हा भरी. एका आजोबांची कवळी इतकी उंच झाली की डॉक्टरांचा फोन आला, "अहो, यांचं तोंडच मिटत नाही!" एरवी दोघं पोट धरून हसली असती.

जाण्याआधीच्या रविवारी सगळे पुन्हा जमले, तेव्हा त्याने सूत्रधाराची खुर्ची धाकटीकडे सरकवली. "आज गोष्ट तू सांग. वैद्य मी होतो." दरवाज्याशी वैद्याची सोंगटी ठेवून त्याने विचारलं, "बाहेर काय आहे?"

तिने बोटभर दरवाज्यातून वाकून पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही, दादा."

"सूत्रधाराला माहीत नसून कसं चालेल?"

"खरंच माहीत नाही. भीती वाटते."

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. इतके दिवस आपल्याच छातीत धडधडतंय असं तो धरून चालला होता. त्याने फासे टाकले. एक आणि दोन.

"पहारेकरी अडवतात," धाकटी म्हणाली.

आता कवळीवाला उभाच राहिला. "पहारेकरीदादा, ऐका. हिचा हात हलका आहे. सुई टोचलेली कळत नाही. बाहेर माणसं कण्हतायत. इथे वैद्य तरी कोणाला लागतोय? एक किल्लेदार आहेत, त्यांची तब्येत ठणठणीत."

"गुडघे दुखतात माझे," बाई पुटपुटल्या.

"त्यांचं मी बघेन!" तो घसा बसेपर्यंत विनवत राहिला. धाकटीने डोळे पुसले आणि बोटाने दरवाजा ढकलला.

मंगळवारी तो तिला बसमध्ये बसवून आला. त्यानंतर हातातलं काम टाकून तो सारखा फोन उचलून बघे. शेवटी तिचाच आला. होस्टेलातल्या दोघींना खेळ शिकायचा होता. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा किल्लाही करून झाला होता.

"सुरुवात कशी करू, दादा?"

वेढा कसा घालायचा, घाबरट खेळाडूला बोलतं कसं करायचं, तो भडाभडा सांगत सुटला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, जेवलीस का, हे विचारायचंच राहिलं. त्याने लगेच उलट फोन लावला. लाइन गुंतलेली होती; ती दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती. त्याने पुन्हा लावला, आणि पुन्हा.