खटक्याची शेगडी

तिला दिसत नाही, हे फोनवर बोलणाऱ्याला कधीच कळायचं नाही. एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ती एकवीस वर्षं बसत होती. कुठल्या वॉर्डाचा नंबर काय, कुठले डॉक्टर जेवायला गेलेत, कुणाला आत्ता फोन दिला तर ते खेकसतील, सगळं तिला तोंडपाठ. ती राहायची त्या इमारतीतही सगळे तिला ऑपरेटरताईच म्हणत.

इमारत तीन मजल्यांची, घरं सहा. मालकांचं चष्म्याचं दुकान होतं. वय झाल्यावर त्यांनी ते जावयाच्या हवाली केलं, पण चष्मेवाले काका हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. ताई नवी राहायला आली तेव्हा ते जिन्यात म्हणाले होते, "इमारतीतल्या झाडून सगळ्यांना मी चष्मे लावले, तुम्ही तेवढ्या सुटलात." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. ताई मात्र खळखळून हसली. तिथून दोघांचं जमलं. पुढे चौदा वर्षं नळ गळला तरी तक्रार गोड बोलूनच व्हायची.

बिनसलं ते शेगडीवरून.

इमारतीतला गॅसचा पाइप जुना झाला होता. विमा कंपनीचा माणूस पाहून गेला आणि म्हणाला, एक तर सगळा पाइप नवा टाका, नाहीतर गॅस बंद करा. काकांनी गॅस बंद करायचं ठरवलं. सहा घरांसाठी सहा विजेच्या शेगड्या एकदमच आणल्या, काळ्या काचेच्या, गुळगुळीत. पाच घरांत त्या बसल्यासुद्धा. सहावीचं खोकं घेऊन काका स्वतः वर आले आणि त्यांनी ती ओट्यावर ठेवली.

ताईने काचेवरून हात फिरवला. एकदा उभा, एकदा आडवा.

"बटणं कुठायत?"

"बटणं नाहीतच. नुसतं बोट टेकवायचं."

"कुठे?"

"इथे, हे बघा..." काका थांबले.

"बघतेच आहे काका. पण हाताला काहीच लागत नाही."

तिचा स्वयंपाक हात आणि कान यांच्यावर चालायचा. गॅसचं बटण किती फिरलंय ते मनगटाला कळायचं. ज्योत मोठी असली की तिचा आवाज वेगळा, बारीक केली की वेगळा. दूध वर यायला लागलं की पातेल्याचा सूर बदलायचा आणि तिचा हात आपोआप बटणाकडे जायचा. कांदा किती परतलाय हे ती चुरचुरण्यावरून सांगायची.

तरी तिने काकांचं मन मोडलं नाही. काकांनी काचेवर चार जागी फुगीर ठिपके चिकटवून दिले आणि जुनी गॅसची शेगडी बाजूला तशीच ठेवली. ताईने दोन दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आच वाढवली तरी टुं, कमी केली तरी टुं, बंद केली तरी टुंच. ओल्या बोटाला शेगडी दाद देईना आणि झाकणावरून थेंब पडला की आपणहून बंद पडे. पहिल्या दिवशी भात कच्चा राहिला, दुसऱ्या दिवशी बुडाला लागला. ठिपका चाचपायला गेलं की बोट ठिपक्यावर टेकायचं आणि नको तेच चालू व्हायचं. तिसऱ्या दिवशी तिने काकांना बोलावून सांगितलं, "ही परत न्या. मी गॅसवरच करेन."

"अहो, पाच घरांत चालते ती!"

"पाच घरांतल्या लोकांना दिसतं, काका."

काका जरा चढ्या आवाजात म्हणाले, "एका घरासाठी अख्खा पाइप ठेवू? उद्या काही झालं तर? वर तुम्ही अशा..."

"अशा म्हणजे कशी?"

"एकट्या," काकांनी सावरून घेतलं. पण शब्द सुटायचा तो सुटलाच होता.

"चौदा वर्षं एकटीच आहे. भाडेकरारात कलम सात आहे, घरात गॅसची शेगडी मालक देतील आणि चालू ठेवतील. काढून वाचा."

"करार चार महिन्यांत संपतोय," काका म्हणाले आणि जिना उतरून गेले.

बोलणं तेवढ्यावरच तुटलं. एरवी काका वरच्या गच्चीवर जाताना तिच्या दारापाशी थांबून "काय ताई?" म्हणायचे. आता तिच्या दारापाशी आले की पावलं झपझप व्हायची. आत खुर्चीत बसलेल्या ताईला ते नीट ऐकू यायचं. कामावर ती शंभर जणांशी बोलायची, पण घरी आल्यावर ही एक हाक नसली की चुकल्यासारखं वाटे. ते ती कबूल मात्र करत नव्हती.

धाकट्या बहिणीने फोनवर तिलाच झापलं. "कशाला हट्ट करतेस? घर सोड आणि माझ्याकडे ये राहायला."

"तुझ्या सासूबाई तुला चहा करू देत नाहीत, मला स्वयंपाकघरात शिरू देतील?"

बहीण हसली, पण काळजी काही तिच्या आवाजातून गेली नाही.

तीन आठवड्यांनी काकांनी गॅसमिस्त्री पाठवला. ताईने त्याला खुशाल आत घेतलं. तपासून जाऊ दे, म्हणजे एकदाचं काकांचं तोंड बंद होईल, असा तिचा हिशेब होता. आपलं नाक म्हणजे काय चीज आहे हे तिला माहीत होतं. खालच्या मजल्यावर कुणी काय शिजवतंय, ते ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर सांगायची. गॅस गळत असता तर सगळ्यात आधी तिलाच कळला असता.

मिस्त्री उंबऱ्यातच थबकला. "ताई, खिडक्या कधीपासून बंद आहेत?"

"सकाळपासून. का हो?"

भराभरा खिडक्या उघडल्याचा आवाज आला. मग तो ओट्याखाली वाकला आणि त्याच्या हातातलं यंत्र टिकटिकायला लागलं, आधी थांबून थांबून, मग सलग.

"नळीच्या जोडावर गळतंय. थोडंच आहे, पण आजचं नाही. मला तर दारातच वास आला." जरा थांबून त्याने विचारलं, "तुम्हाला नाही आला?"

ताई ओट्यापाशी गेली, खाली वाकली आणि तिने खोल श्वास घेतला. काही नाही. फडताळातून तिने चहाचा डबा काढून नाकाशी धरला. काही नाही. साबण घेतला. साबण नुसता गार लागला. दोन महिन्यांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता. त्यानंतर जेवण बेचव लागायचं, ते तिने तोंडाला चव नाही म्हणून सोडून दिलं होतं. खालच्या घरात काय शिजतंय, हे आपण कित्येक दिवसांत ओळखलेलं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती स्टुलावर बसली.

मिस्त्री भला माणूस होता. त्याने कॉक बंद केला, नळी काढली, तिला पाणी दिलं. "काकांना मी काय सांगू?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही काही सांगू नका. मीच सांगते."

मिस्त्री गेला. तिला लपवता आलं असतं. जोड बदलून घ्यायचा आणि पुन्हा कलम सात पुढे करायचं. पण बाकीच्या पाच घरांतले लोक त्याच जिन्याने येत-जात होते. तिने फोन उचलला.

"काका, तुमचं म्हणणं अर्धं खरं होतं. माझं नाक गेलंय. गॅस गळत होता आणि मला पत्ता नव्हता. गॅस काढून टाका."

काकांनी एवढंच विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. पण काचेची शेगडी मला नको. फिरवायचं बटण हवं, आणि फिरवताना खटखट वाजणारं. आणि धूर झाला की ओरडेल अशी घंटा हवी. धुराचा वासही मला आता येणार नाही."

"खटक्याची शेगडी आता मिळत नाही हो. मी दोन दुकानांत विचारलं होतं, तुम्ही ती परत न्या म्हणालात त्याच आठवड्यात. मिळाली नाही, मग रागच आला सगळ्याचा."

हे तिला नवीन होतं. ती म्हणाली, "तुम्ही दुकानदाराला विचारलंत. गोदामवाल्याला विचारायला हवं. ते माझ्याकडे सोडा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शेगडीच्या कंपनीला फोन लावून बसली. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी बाई आज स्वतःसाठी जोडत होती. पहिल्या बाईने नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ताटकळत ठेवलं, तिसऱ्याने पुन्हा पहिलीकडे पाठवलं. ताईला हे सगळे डाव पाठ होते. चौथ्याला तिने थेट विचारलं, "गोदामाच्या चाव्या ज्यांच्याकडे असतात, त्यांना द्या." चाव्यावाल्या गृहस्थांनी दहा मिनिटं शोधलं आणि परत येऊन म्हणाले, "आहेत बाई, तीन आहेत. जुनी बनावट. कुणी विचारतच नाही."

शनिवारी काका आणि ती रिक्षाने गोदामात गेले. काका आधी तिचा दंड धरू पाहत होते. तिने त्यांचा हात काढला आणि त्यांच्या कोपराला आपण धरलं. "असं चालायचं असतं," ती म्हणाली. काका निमूटपणे चालले.

शेगडी लोखंडी तव्यांची होती, जड, दोन बटणांची. ताईने बटण फिरवलं. खट, खट, खट, सहापर्यंत. उलट फिरवलं, सहा खटके मागे आणि शेवटी बटण ठाम अडलं.

"हिचा तवा बंद केल्यावरही तापलेला राहतो," गोदामवाले म्हणाले. "सांभाळून हं."

"तेवढं मी शिकेन," ती म्हणाली.

शिकायला महिना लागला. बटण बंद केलं तरी तवा आपल्या मस्तीत तापलेलाच, त्यामुळे दूध पहिल्या आठवड्यात तीनदा उतू गेलं. आता ज्योतीचा आवाज नव्हता. नुसत्या पातेल्याचाच सूर ऐकायचा होता. एकदा धुराची घंटा अशी कोकलली की खालच्या घरातले निवृत्त चित्रकलामास्तर धापा टाकत वर आले. कांदा जळाला होता, बाकी काही नाही. मास्तरांचे हात कापायचे. जाता जाता त्यांनी शेगडीचं बटण फिरवून पाहिलं.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "माझं बोट त्या काचेवर ठरतच नाही. महिनाभर मी बाहेरूनच डबा आणतोय."

"मग काकांना सांगितलं का नाहीत?"

"तुमचं नि त्यांचं वाजलेलं ऐकलं. म्हटलं, आपण कशाला आणखी."

ताईने जळका कांदा उपसून टाकला, हात पुसले आणि गोदामाचा नंबर फिरवला. तिथे अजून दोन उरल्या होत्या.