खालच्या ताईला दिलेली साक्ष

आम्ही गढ्यात, एका हिंदीभाषक शहराच्या जुन्या वस्तीत, भाड्यानं राहतो. खाली घरमालकाचं कुटुंब आहे: ताई, तिचा नवरा आणि धाकटा दीर. आमच्यासारखीच कधीकाळी विदर्भातून आलेली माणसं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणारी. ताईची मुलगी माझ्याकडे गणित शिकायला येई. गेल्या वर्षी बारावीत असताना ती डेंग्यूनं गेली.

त्यानंतर ताईचं खाणं सुटलं. एका दुपारी ती वर आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसली.

"तुझंही बाळ गेलं न," ती म्हणाली. "तू कशी जगून राहिली? खरं सांग."

खरं उत्तर एकच होतं आणि तेच सांगायची मला भीती होती. माझं बाळ जन्मताच गेलं. त्यानंतर वर्षभर मी कुणाशी धड बोलले नव्हते. हॉस्पिटलमधली एक नर्स दर आठवड्याला घरी यायची, शेजारी बसायची, जाताना माझ्यासाठी प्रार्थना करायची. त्या प्रार्थनेच्या आधारानं मी माणसांत आले आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. त्याला आता सहा वर्षं झाली. नवऱ्यानं अडवलं नाही, फक्त म्हणाला, "तुझी श्रद्धा तुझ्यापाशी ठेव. जिन्याखाली नको नेऊ." कारण आमच्याकडे धर्मांतराविरुद्धचा कायदा आहे. आमिष दाखवलं अशी कुणी तक्रार केली की पोलीस ठाण्यात बोलावणं येतं. आमच्या प्रार्थनेला येणारं एक जोडपं तिथे दोन दिवस बसून आलं होतं. परतल्यावर ते कुणाशी नीट बोललेही नाहीत.

रविवारच्या प्रार्थनेत आमच्या लोकांपुढे मी दोनदा साक्ष दिली होती, देवानं मला कसं सावरलं ते सांगितलं होतं. तेव्हा जीभ अडखळली नव्हती. आता मात्र मी आधी खिडकी लावून घेतली.

"ताई, तुम्ही काही करावं म्हणून नाही सांगत," मी म्हणाले, आणि सांगत गेले. येशूचा मित्र वारला तेव्हा तो त्याच्या कबरीपाशी रडला, हेही सांगितलं.

ताईनं मान वर केली. "देव रडला?"

"हो."

पुढे तो मित्र जिवंत झाला, हे मी सांगितलं नाही. तिची मुलगी परत येणार नव्हती, आणि ते वाक्य तिच्यापुढे उच्चारायचा मला धीर झाला नाही. ताई तिथेच फरशीवर आडवी झाली आणि दोन तास झोपली. उठल्यावर तिनं वरणभात मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी चालू असताना तिचा दीर दारात येऊन उभा राहिला. मोबाईल त्यानं छातीशी आडवा धरला होता. रेकॉर्डिंग चालू होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"दीदी, वहिनी म्हणते देव रडतो. ये सब उसको किसने सिखाया?"

मुलांच्या पेन्सिली थांबल्या. ही आठ मुलं, त्यांचे आईबाप, हे घर, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"मी काहीच नाही सांगितलं भैया. नुसता धीर दिला."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो उतरून गेला. मुलं गेल्यावर मी बायबल तांदळाच्या पिंपात खाली दाबून ठेवलं.

संध्याकाळी ताई वर आली. ती चिडली नव्हती, तेच जास्त जड गेलं.

"तू म्हणे काहीच नाही सांगितलं. मग ते खोटं होतं काय? काहून सांगितलं मग मला?"

भीतीपोटी मी दिराशी खोटं बोलले होते, आणि ते खोटं हिच्या वाट्याला आलं होतं. एवढ्या दिवसांनी तिला जे हाताशी लागलं होतं, तेच मी काढून घेतलं होतं.

"चला," मी म्हणाले. नवरा मागून "अगं, थांब" म्हणाला, पण मी जिना उतरले.

दीर चहा पीत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "भैया, सकाळी मी खोटं बोलले. वहिनींना येशूबद्दल मीच सांगितलं. माझं बाळ गेल्यावर मी कशी वाचले, ते सांगितलं. तुम्हाला तक्रार करायची तर करा."

तो उठला तशी ताई मध्ये आली. "मीच विचारलं होतं तिला. तुम्ही कोणी तर एक शब्द नाही बोलले पोरीबद्दल."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग हिंदीत म्हणाला, "आप ऊपर जाइए." आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पुतणीला शाळेत सोडायला रोज तोच जायचा.

तक्रार झाली नाही. तीन मुलं मात्र शिकवणीला यायची थांबली. का, ते त्यांच्या घरच्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताई सकाळी अजूनही आपल्या देव्हाऱ्यात दिवा लावते आणि दुपारी वर येते. कधी बोलतो, कधी नुसत्या शेंगा सोलत बसतो. दीर जिन्यात भेटला की मान हलवतो. त्या मान हलवण्याचा अर्थ मला लागत नाही, आणि भाडेकरार संपायला चार महिने उरलेत.

बायबल आता परत टेबलावर असतं. पण दारावर थाप पडली की माझा हात आधी ते लपवायला पुढे जातो, आणि तो आवरायला मला दर वेळी थोडा वेळ लागतो.