आजीची शाल आणि अध्यक्षांचे खांदे

सुहासिनीबाई आगटे सदाशिव पेठेतल्या. तीस वर्षं बँकेत कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर जुन्या काळच्या बायकांच्या शाली-शेल्यांवर त्या व्याख्यानं देऊ लागल्या. पुण्यात कुठल्याही विषयाला चाळीस श्रोते मिळतात. त्यातले पस्तीस चहासाठी येतात, हे बाईंना ठाऊक होतं.

व्याख्यानाचा जीव म्हणजे आजीची शाल. किरमिजी, काठाला वेलबुट्टी, एका कोपऱ्यात आजीने स्वतः केलेलं रफू. नऊवारीवर ही शाल घेऊन आजी सभांना जायची आणि तोंडातून अवाक्षर न काढता परत यायची. तिची एवढी एकच वस्तू बाईंकडे उरली होती.

त्या रविवारी ज्येष्ठांच्या मंडळात व्याख्यान संपलं आणि बाईंनी शाल नीट घडी घालून टेबलावर ठेवली. तिथेच चुकलं. पुण्यात घडी घातलेली शाल टेबलावर दिसली, की कुणाचा तरी सत्कार होणारच. चिटणीस शुभंकर सत्काराची शाल घरी विसरले होते. त्यांनी हीच उचलून अध्यक्ष शरच्चंद्ररावांच्या खांद्यांवर घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला. बोलल्या बाई आणि सत्कार अध्यक्षांचा, हे कुणालाच खटकलं नाही. अध्यक्षांनी सवयीने शाल काढून पिशवीत कोंबली, पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला.

बाई पेचात पडल्या. मागावी तर भर सभेत अध्यक्षांचा अपमान. न मागावी तर महिन्याभरात ती पुण्यातल्या कुठल्या खांद्यावर असेल, देव जाणे. आजीसारखं गप्प बसणं त्यांच्याही अंगवळणी पडलं होतं. आभार संपेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग उठून माइकपाशी गेल्या.

“प्रात्यक्षिक राहिलंच. अहो अध्यक्ष, ती शाल काढता का पिशवीतून? आणि आपण जरा उभे राहा.”

त्यांनी शाल शरच्चंद्ररावांच्या दोन्ही खांद्यांवरून लपेटली आणि गळ्याशी पिन लावली. “आता मान खाली. सभा संपेपर्यंत बोलायचं नाही. माझी आजी चाळीस वर्षं अशीच बसली.”

लोक हसले. “उकडतंय हो,” अध्यक्ष पुटपुटले.

“तिलाही उकडायचं. कुणी विचारलं नाही.”

बाईंनी पिन काढली, शालीची घडी घातली आणि ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. अध्यक्ष रिकाम्या पिशवीकडे बघत राहिले.

“नारळ राहू द्या,” बाई म्हणाल्या. “तो आजीचा नाही.”